मोडीत निघालेला संसार

पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या आसपासचा पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि उत्तरेला थेट चाकणपर्यंतचा टापू आज वाहनांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. शंभर वर्षांपूर्वी ही ज्वारी-बाजरीची, बहुतांशी कोरडवाहू गावे होती. त्या काळात इथली माणसे कशी राहत होती याची एक विलक्षण नोंद उपलब्ध आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची घरोघर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १७७१ मध्ये या गावात खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये ती साडेसतरा एकर झाली आणि १९१५च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. १५६ खातेदारांची जमीन ७२९ तुकड्यांत विखुरलेली होती आणि त्यांतले ४६३ तुकडे एकराहूनही लहान होते. जमीन पुरेना म्हणून माणसे गावाबाहेर मजुरी शोधू लागली होती. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून जवळच उभा होता. शेतकऱ्याचा कामगार होण्याची सुरुवात औद्योगिक वसाहतीच्या बरीच आधी झाली होती, हे या पुस्तकावरून दिसते. आज त्याच पिंपळे सौदागरमध्ये उंच इमारती आणि बाजारसंकुले आहेत.

मॅन यांच्या पाहणीच्या आगेमागेच, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ निघाला. बलुतेदारीची बारीक माहिती त्यात आहे. या दोन पुस्तकांमुळे मावळ-हवेली-खेडच्या शेतकऱ्याचे उत्पन्न, कर्ज, हक्क आणि बलुते यांची कल्पना येते. प्रत्यक्ष वस्तू मात्र पुस्तकात सापडत नाहीत. त्यासाठी संग्रहालयात जावे लागते, आणि तिथे काय सापडते व काय सापडत नाही हा या भागाच्या इतिहासातला एक लक्षणीय मुद्दा आहे.

त्या काळच्या शेतकरी घरात वस्तू थोड्या असत आणि प्रत्येकीचे काम ठरलेले असे. चुलीशेजारी वैल, उतरंडीला मातीची मडकी, आढ्याला टांगलेले शिंके, कोपऱ्यात कणगी, पडवीत पाटा-वरवंटा आणि उखळ-मुसळ. पीठ मळायला काठवट, पाखडायला सूप, धुतलेले धान्य निथळायला रोवळी. पाणी भरायला तांब्याची घागर आणि कळशी. शेतात नांगर, कुळव, पाभर, कोळपे, विहिरीवर मोट. मावळाच्या बाजूला पाऊस जास्त, म्हणून भातलावणीच्या वेळी बायका वाकलेल्या पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले घेत. थंडीत आणि राखणीला घोंगडी. धान्य मोजायला चिपटे, मापटे, शेर. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी.

यांतली जवळजवळ प्रत्येक वस्तू गावातच घडे आणि गावातच दुरुस्त होई. नांगराचा फाळ लोहार शेवटून देई, सुतार औताचे लाकूड भरी, कुंभार मडकी देई, चांभार मोटेचे कातडे शिवी. त्याबदल्यात सुगीला खळ्यावर पेंढ्या आणि धान्य मिळे. ही देवाणघेवाण गोड मानण्याचे कारण नाही. तिच्या तळाशी जातीची उतरंड होती, आणि महार वतनासारख्या सेवेत माणूस पिढ्यान्‌पिढ्या राबवला जाई. १९५८च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने ही वतने संपली. त्याआधी दोनच वर्षे, १९५६च्या कायद्याने, मेट्रिक वजनमापे आली होती, आणि पायली-शेराची मापे बाजारातून हळूहळू हद्दपार झाली. घरात ती उरली ती तांदूळ मोजण्यापुरती.

जाते हे या घरातले सर्वांत जड आणि सर्वांत राबते यंत्र. खालच्या तळीच्या मध्यभागी खुंटा, त्यावर फिरणारी वरची पाळी, पाळीच्या कडेला हाताने धरायचा लाकडी खुंट आणि मधल्या तोंडात मुठीने सोडायचा घास. रोज दळून दळून दगड गुळगुळीत झाला की पीठ जाडे पडे. मग टाकी लावणारा फिरस्ता कारागीर दारात बसून छिन्नी-हातोडीने दोन्ही दगडांना पुन्हा खडबडीत करून देई. पहाटे दळायला बसलेल्या बायकांच्या ओव्या या कामाला जोडलेल्या होत्या. गावात पिठाची गिरणी आली, तसे रोजचे दळण थांबले. जाते भिंतीला टेकले आणि पुढे अंगणातल्या पायरीखाली गेले.

तांब्या-पितळेच्या भांड्यांची गोष्ट याहून वेगळी. ती जपून ठेवण्यासाठी नव्हतीच. भांडे चेपले, भोक पडले की मोडीत जाई, म्हणजे कासाराकडे वजनावर देऊन वर घडणावळ भरून नवे घेतले जाई. जुनी घागर वितळून नवा हंडा होई. भांडे हा घरातला साठवलेला पैसाही होता. अडीनडीला गहाण पडणारी पहिली वस्तू तीच. वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला येई. जमिनीत खड्डा करून भाता लावी, भांडे तापवून त्यावर नवसागर टाकी, कथलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील आतून फिरवी. धुराचा लोट उठून भांडे आतून पांढरेशुभ्र होई. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट कळकते, म्हणून हा खर्च टाळता येत नसे. स्टेनलेस स्टील आल्यावर कल्हईची गरजच संपली आणि त्या वेळी पितळ जे मोडीत गेले ते परत पितळ होऊन घरात आले नाही. जुनी भांडी फारशी का उरली नाहीत याचे हे साधे कारण. विसराळूपणापेक्षा हिशेब मोठा होता.

कारखानदारीचा या भागातला आरंभ बहुतेक जण १९५४ पासून धरतात. त्या वर्षी पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध कारखाना जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने सुरू झाला. पण चाकणच्या पश्चिमेला तळेगाव दाभाडे येथे १९०८ सालीच काचेचा कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशी उद्योगासाठी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि त्या पैसा फंडातून हा कारखाना उभा राहिला. त्याच्या उभारणीत ईश्वरदास वार्ष्णेय यांचा मोठा वाटा होता, आणि ते काचकाम शिकून आले होते ते जपानमधून. गंमत अशी की पुढच्या दोन-तीन दशकांत भारतीय बाजारात स्वदेशी काचेला मोठी टक्कर दिली ती जपानी बांगड्यांनी आणि जपानी काचसामानानेच. राखेने पुसायची कंदिलाची काच आणि हातातली बांगडी या दोन्हींमागे तेव्हाच आंतरराष्ट्रीय व्यापार होता. खेड्याच्या घरातले सगळे काही गावात घडलेले असे, हे चित्र म्हणूनच थोडे सावधपणे घ्यावे लागते.

फाळणीनंतर पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड परिसरात भूसंपादन सुरू झाले. आकुर्डीला बजाजचा स्कूटर कारखाना आला, १९६६ साली टाटांच्या टेल्को कंपनीचा पुण्यातील प्रकल्प आला. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ मध्ये महानगरपालिका. चाकणची पाळी एका पिढीने उशिरा आली. १९९९च्या सुमारास बजाजने तिथे नवा प्रकल्प उभारला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले, पुढे महिंद्रा आला आणि २०१३ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोनचा टायर कारखाना. कांद्याच्या आणि बैलांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाच्या वेशीवर दहा-पंधरा वर्षांत हे सगळे घडले.

घरातल्या वस्तूंवर या बदलाचा परिणाम टप्प्याटप्प्याने झाला. आधी चूल गेली. स्टोव्ह आला, मग गॅस. मग पितळ जाऊन हिंदालियम आणि स्टील आले. ट्रॅक्टर आला तशी औते भिंतीला लागली. शेवटी जमीनच गेली, तेव्हा औतांना ठेवायला जागाही उरली नाही. जुने घर पाडून तिथे भाड्याच्या खोल्या बांधताना नांगराचे लाकूड जळणात गेले, फाळ भंगारात. चिंचवड-चाकण पट्ट्यातील भंगार व्यवसाय मुख्यतः कारखान्यांच्या उरल्यासुरल्या लोखंडावर चालतो. त्याच ढिगात गावगाड्याचे लोखंडही मिसळून गेले.

या भागाला सर्वांत जवळचे असे दैनंदिन वस्तूंचे मोठे संग्रहालय पुण्यात आहे. शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयाची सुरुवात एका खासगी छंदातून झाली. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत आणि घरचे चष्म्यांचे दुकान पाहत. १९२०च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. पेशवाईनंतर शंभर वर्षे पुण्यातले वाडे हळूहळू मोडकळीला येत होते, आणि त्यांतले दरवाजे, दिवे, पेट्या, भांडी जुन्या बाजारात किंवा थेट मोडीत जात होती. केळकर ती तिथून उचलत. पुढे हा शोध महाराष्ट्राबाहेर गुजरात-राजस्थानपर्यंत गेला. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच वारला. संग्रहाला त्याचे नाव दिले गेले. १९६०च्या सुमारास संग्रहात सुमारे १५,००० वस्तू होत्या. १९६२ साली तो राज्य शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सुपूर्द झाला. आज वस्तूंची संख्या २०,०००च्या वर आहे आणि त्यांतल्या सुमारे २,५०० मांडलेल्या आहेत. बाकीच्या वस्तू जागेअभावी आत राहतात. बावधनला मोठी वास्तू उभारण्याची योजना बरीच वर्षे चर्चेत आहे.

संग्रहालयात शिरणाऱ्याला पहिल्यांदा जाणवते ती एकाच वस्तूच्या रूपांची रेलचेल. अडकित्त्यांचेच पाहावे. सुपारी कातरणे एवढेच त्याचे काम: दोन दांड्या, एक बिजागरी, एक धारदार पाते. पण इथे दांड्यांचे घोडे झाले आहेत, पोपट झाले आहेत, स्त्री-पुरुषांच्या जोड्या झाल्या आहेत. दांड्या मिटल्या की जोडी एकमेकांना बिलगते आणि सुपारी कातरली जाते. पाते पोलादी आणि अंग पितळी, कारण धार पितळेला धरत नाही आणि नक्षी पोलादावर महाग पडते. शेजारी तळपाय घासायच्या वज्री आहेत: खालची बाजू खरखरीत, वर मुठीला मोर किंवा घोडा. हळदीकुंकवाचे करंडे, फण्या, पानाचे डबे, दौती आणि कलमदाने, साखळीला टांगायचे दिवे, समया, वनिता कक्षातली प्रसाधने. कोथरूडच्या मस्तानी महालाचा म्हणून ओळखला जाणारा लाकडी दिवाणखाना इथे पुन्हा उभा केला आहे. बहुतेक वस्तू अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या.

केळकरांची नजर कवीची होती आणि संग्रहही त्याच नजरेचा झाला. कारागिराने गरजेपलीकडे जाऊन जिथे हात फिरवला ती वस्तू त्यांनी उचलली. त्यामुळे इथे दिसणारे घर बव्हंशी पानसुपारी करणारे, पत्र लिहिणारे, नहाणीघरात वज्री असलेले आहे. पिंपळे सौदागरच्या सात एकरवाल्याच्या घरात यातले फार थोडे असणार. बिननक्षीचे कोळपे, फाटके इरले, मोटेची चामडी सोंड यांना या निवडीत जागा मिळणे अवघड होते. हा संग्रहाचा दोष म्हणणे अन्यायाचे होईल. एकट्या माणसाने पदरमोड करून जे वाचवले ते सरकारी खात्यांनाही साधले नव्हते. पण हे संपूर्ण मराठी घर आहे असे मानले तर चूक पाहणाऱ्याची.

उरलेली बाजू इतरांनी थोडीफार सावरली. कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात बलुतेदार आणि शेतकरी आपापले काम करताना पुतळ्यांच्या रूपाने उभे केले आहेत. तिथे जुन्या वस्तूंपेक्षा त्यांचा वापर महत्त्वाचा आहे. नांगर कसा धरतात हे नांगरापेक्षा लवकर विसरले जाते, म्हणून ही पद्धत उपयोगाची. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी ‘गोवा चित्रा’ या संग्रहात शेतीची आणि हस्तव्यवसायांची हजारो अवजारे जमवली आहेत. आणि जात्याचा आवाज जपण्याचे काम हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी केले. त्यांच्या पुढाकाराने मावळ-मुळशीपासून सुरू होऊन राज्यभर एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहातर्फे त्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध होत आहेत.

वस्तू जपण्याच्या या दोन वाटा, सुंदर वस्तूंची आणि साध्या अवजारांची, जपानमध्ये जवळजवळ याच काळात वेगळ्या झाल्या. यानागी सोएत्सु (१८८९–१९६१) यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अनाम कारागिरांच्या वापरातल्या वस्तूंचे सौंदर्य मांडायला सुरुवात केली, आणि १९३६ साली तोक्योत त्यांचे लोककला संग्रहालय उघडले. त्याच शहरात शिबुसावा केइझो या बँकर घराण्यातल्या माणसाने १९२१ पासून आपल्या घराच्या माळ्यावर वेगळाच संग्रह सुरू केला होता. पेंढ्याच्या चपला, जाळी, टोपल्या, शेतीची हत्यारे. सुंदर आहे का, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. कोण वापरतो, कुठे, कसे बांधतो, हे ते लिहून ठेवत. पेंढ्याच्या आखूड चपलेवर त्यांच्या मंडळाने आख्खा अभ्यास केला. केळकरांची दृष्टी यानागींच्या जवळची होती. शिबुसावांचा वारसदार म्हणावा असा माणूस पुणे जिल्ह्याला मिळाला नाही, आणि औद्योगिक पट्ट्याला नेमकी त्याचीच गरज होती.

जपानी सरकारनेही यात वेळेवर हात घातला. १९५०च्या सांस्कृतिक संपत्ती संरक्षण कायद्यात लोकजीवनाच्या साधनांना स्थान मिळाले. १९६०-७०च्या दशकांत कारखानदारीने खेडी रिकामी होऊ लागली तशी शासकीय अनुदानाने गावोगाव इतिहास आणि लोकजीवनाची छोटी संग्रहालये निघाली. अशा संग्रहालयात एक जुने घर असते, मध्ये जमिनीत खोदलेली चौकोनी शेगडी, तिच्यावर छतापासून लोंबणारा किटली अडकवायचा आकडा, भिंतीला पेंढ्याचा पाऊसकोट. हा कोट पाठीवरून सोडायचा. मावळातले इरले पाहिलेल्याला तो लगेच ओळखू येईल. धान्य उफणायचे हातपंख्याचे लाकडी यंत्र, दगडी जाते, सूपही तिथे आहेच. पुढच्या दालनात १९५०-६०च्या दशकांतले धुलाई यंत्र, दूरदर्शन संच आणि शीतपेटीही मांडलेली असते, कारण तेही आता जुने झाले. प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात जुन्या साधनांचा धडा असल्याने मुलांच्या सहली तिथे नेमाने येतात.

या प्रकारातले सर्वांत बोलके उदाहरण कावासाकीचे. तोक्यो आणि योकोहामा यांच्या मधले हे पोलाद, रसायने आणि यंत्रांचे शहर. स्वभावाने पिंपरी-चिंचवडचा भाऊ शोभेल असे. १९६७ साली या शहराने देशभरातली मोडकळीला आलेली जुनी घरे सुटी करून आणली आणि एका टेकडीवर पुन्हा उभारून खुले संग्रहालय केले. मूळ कल्पना स्वीडनची, १८९१ मध्ये स्टॉकहोमला सुरू झालेल्या स्कान्सेनची. पण कावासाकीने ती आणली ती कारखाने जोरात असताना, कारखान्यांच्याच शहरात.

पिंपरी-चिंचवडमध्ये जपलेल्या जुन्या वास्तू म्हणजे मंगलमूर्ती वाडा आणि मोरया गोसावींची समाधी, तसेच चापेकर बंधूंच्या स्मृती जपणारा चिंचवडचा वाडा. चाकणला संग्रामदुर्गाची उरलीसुरली तटबंदी आहे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्ताखानाच्या फौजेला दीड महिन्याहून अधिक काळ याच कोटाबाहेर रोखले होते. संत, क्रांतिकारक आणि किल्लेदार यांना स्मारके मिळाली हे योग्यच झाले. पाभरीला आणि जात्याला तशी जागा मिळाली नाही.

त्या वस्तू मात्र सगळ्याच संपलेल्या नाहीत. शेतातून बैल जवळजवळ गेला तरी भोसरी, मोशी, खेड, मावळच्या घाटांवर बैलगाडा शर्यती होतात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये त्यांवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा सुधारित कायदा ग्राह्य ठरवला. पाटा-वरवंटा पुरणासाठी अधूनमधून बाहेर निघतो. लग्नाच्या हळदीला जाते लागतेच: त्याला आंब्याची पाने बांधायची, सुवासिनींनी हळद दळायची, घाणा भरायचा. वाकड-रावेतच्या सदनिकांमध्ये जाते नसते, म्हणून ते गावाकडून मागवले जाते किंवा भाड्याने आणले जाते. अलीकडे बाजारात वीतभर व्यासाची, रंगवलेली, गोंडे लावलेली खास हळदीची जाती मिळू लागली आहेत. त्यांत चार मुठी हळकुंडे दळता येतात. धान्य दळण्याइतके वजन त्यांच्या पाळीला नसते.